सुपकानीचे कान

टॅला, डब्लिन, ९ जून २०२१

प्रिय आई,
लांबूनच वाकून नमस्कार.

कानांचं ऑपरेशन छान झालं, काल टाकेही काढले. काळजी करू नकोस. तुझी शुगर तपासलीस ना?

परवा गुरुनाथकाकांचा फोन आला होता. त्यांच्या ओजसला डब्लिनमध्ये नोकरी लागलीय. घर मिळेपर्यंत त्याला तुझ्याकडे ठेवून घे म्हणाले. मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर "ही आमची सुपकानी" म्हणणारे हेच ते काका!

मी म्हटलं, "काका, सुपं कापून टाकली. आता तुमचं काहीच ऐकू येत नाही." आणि फोन ठेवला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

एकच विचारायचंय. त्या दिवशी पाहुण्यांबरोबर तूही हसलीस. का गं?

तुझीच,
निवेदिता