आधी माणसं, मग फायली

भारतीय वकिलात
३ सप्टेंबर १९७३

ती. विश्वनाथदादास,

चारूचा शि. सा. नमस्कार. इकडे क्षेम. बापूजींचा गुडघा आणि गोपिकावहिनींची लोणची कशी आहेत ते आधी कळव.

इथल्या सरकारने राजधानी समुद्रकाठावरून उचलून आत पठारावर नेली आहे. साऱ्या वकिलातींना वर्षअखेर तिकडे जायचं आहे. आपल्या वकिलातीच्या स्थलांतराचं काम राजदूतसाहेबांनी माझ्यावर सोपवलं. प्रशासन बाईकडे दिलं म्हणून दिल्लीत दोघातिघांच्या भुवया वर गेल्या, असं ऐकते. मला आनंद झाला, हे तुझ्यापासून लपवत नाही.

मी परिपत्रक काढलं. फायली ऑक्टोबरात जातील, माणसांनी महिन्याभरात मागून यावं, जो येणार नाही त्याने नोकरी सोडली असं समजण्यात येईल. इथले स्थानिक कर्मचारी सात. दुसऱ्या दिवशी टेलिफोनवर बसणाऱ्या इल्दाबाईंनी तिकडे समुद्र आहे का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तळं आहे. त्या मान हलवून गेल्या. आठवड्याने त्यांच्यासह चौघांनी येत नाही म्हणून कळवलं.

दादा, आम्हा भारतातून आलेल्यांना इथली भाषा भाजी घेण्यापुरती येते. हे चौघे गेले तर नव्या वकिलातीचं दार उघडेल, पण आलेल्याशी बोलणार कोण? साहेबांनी मला एवढंच सांगितलं आहे की, माणसं टिकवणं हेही प्रशासनच. परिपत्रक मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात नियमाला सोडून एक अक्षर नाही. मग चुकलं कुठे? रोज रोजनिशीत हाच प्रश्न लिहिते आणि उत्तराची जागा कोरी ठेवते. बापूजींना पत्र वाचून दाखव. सचिवालयात त्यांचा जन्म गेला आहे.

लोभ आहेच, तो पत्राच्या रूपाने लवकर दिसावा.

तुझी
चारू

महाल, नागपूर
२६ सप्टेंबर १९७३

चि. चारूस अनेक आशीर्वाद.

पत्र रात्रीच्या जेवणानंतर मोठ्याने वाचलं. पहिली बोलली तुझी वहिनी. म्हणते, वन्संनी कागदांची सोय केली, त्या लोकांच्या बाया चूल कुठं मांडतील हे काहून नाही विचारलं कोणी? एम. ए. झालेल्या बाईले घर हलवणं मालूम नसते का, असंही म्हणाली. मी फक्त पोचवतो आहे, माझ्यावर रागावू नकोस.

बापूजी सुपारी कातरत होते. छपन्न साली नागपूरची राजधानी गेली, सचिवालय मुंबईला हललं, बापूजी गेले आणि आई इथेच राहिली. चार वर्षं ते खाणावळीत जेवले. तो विषय ते स्वतः कधी काढत नाहीत. त्या रात्री अडकित्ता खाली ठेवून म्हणाले की, तवाही गठ्ठे आधी गेले होते. आम्ही मागून गेलो तं फायलींले कपाटं होती, आम्हाले खोल्या नव्हत्या. मले कोणी आधी जागा दाखवली असती, तं मी तुमच्या आईले घेऊन गेलो असतो. मग उठून झोपायला गेले. सुपारी तशीच राहिली.

आता माझं ऐक. दर डिसेंबरात अधिवेशनाला मुंबईचं सरकार गाड्या भरभरून इथे येतं, आणि त्यांची उतरायची सोय आमच्या कार्यालयाकडे असते, हे तुला माहीत आहे. आमच्याकडे एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही. आलेल्या बाबूला आधी खोली दाखवायची, रजई द्यायची, आंघोळीला गरम पाणी काढायचं. मग सगळ्यांची एक पंगत. पंगत उठल्याशिवाय फायलीचा एकही गठ्ठा सुटत नाही. एका साली नव्या साहेबांनी घाई केली आणि उपाशी बाबूंनी अर्ध्या फायली भलत्याच खोल्यांत लावल्या. अधिवेशन संपलं तरी सापडत होत्या.

तू हुशार आहेस, पुढचं मी सांगायला नको. इकडची काळजी करू नये, तिकडची आम्हाला कळवत जावी.

तुझा
विश्वनाथ

भारतीय वकिलात, नवी राजधानी
६ जानेवारी १९७४

ती. विश्वनाथदादास, चारूचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र नव्या पत्त्यावरून लिहिते आहे, यातच निम्मी बातमी आली.

तुझं पत्र आल्यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी माझं परिपत्रक मीच मागे घेतलं. आधी साऱ्यांना तिकडची जागा दाखवून आणते, असं साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, तारीख हुकली तर? मी म्हटलं, दिल्लीला उत्तर माझ्या सहीने जाईल. ते म्हणाले, मग बस ठरवा.

सातही जणांना घरच्यांसकट बसने इथे आणलं. दाखवायला वकिलात नव्हे, घरं, शाळा, बाजार. ड्रायव्हरच्या बायकोने प्रत्येक नळ सोडून पाहिला. पाणी जोरात येतं म्हटल्यावर तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याचा निर्णय तिथेच झाला. परतताना पोरं शाळेच्याच गोष्टी करत होती. सहाजण तयार झाले. दोन कुटुंबांना घरं हवी तशी मिळेनात, म्हणून मी माझं मोठं घर त्यांना देऊन लहान घेतलं. मला एकटीला चार खोल्या कशाला?

इल्दाबाई मात्र तयार झाल्या नाहीत. त्यांच्या ऐंशीच्या आईने इथल्या घराच्या खिडकीपाशी बसून पाहिलं आणि लेकीला सांगितलं की, इथे संध्याकाळी बघायचं काय? पण जुन्या राजधानीच्या बंदरातल्या आपल्या माणसांसाठी तिथे पारपत्राचं छोटं कार्यालय ठेवणं भागच होतं. ते मी दिल्लीशी भांडून मान्य करून घेतलं आणि इल्दाबाईंना तिथे बसवलं. वशिला झाला का, असं स्वतःला विचारलं. नाही झाला. त्या कामाला त्यांच्याइतकं योग्य माणूस नाही.

माणसं आधी आली, खोकी मागून. खोकी तशीच बंद ठेवून दिवाणखान्यात जमिनीवर पंगत बसवली. आपला नागपुरी वडाभात मी केला, राजदूतसाहेबांनी वाढला. तिखट निम्मं घातलं, हे वहिनींना कळू देऊ नकोस. पानं उचलल्यावर ड्रायव्हरनेच पहिलं खोकं फोडलं. ठरल्या दिवशी दार उघडलं आणि पहिला फोन वाजला तो इल्दाबाईंचा. तिकडे समुद्र ठीक आहे, असं त्यांनी सांगितलं.

बापूजींना माझा नमस्कार. वाचून दाखवशील तेव्हा पंगतीपाशी थोडं थांब.

सर्वांचा लोभ पाठीशी होता, पुढेही लागेल.

तुझी
चारू

महाल, नागपूर
२९ जानेवारी १९७४

चि. चारूस अनेक आशीर्वाद.

तिखटाचा मजकूर वहिनीला कळला, कारण पत्र बापूजींनी माझ्या हातातून घेऊन स्वतःच मोठ्याने वाचलं. वन्सं आता इकडे आल्या की पाहते, अशी तिची धमकी आहे. तीच वहिनी लकडगंजला माहेरच्या मंडळींत सांगून आली की आमच्या वन्संनी वकिलात हलवली. बापूजींनी दूधवाल्याला सांगितलं तोवर वकिलातीची राजधानी झाली होती. आमची चारू राजधानी हलवून राहिली म्हणे. मी दुरुस्त केलं नाही. माझीही मान ऑफिसात वीतभर उंच आहे.

एक गोष्ट राहिली. वाचून झाल्यावर बापूजींनी चष्मा पुसला आणि पेन मागितलं. सुपारीला बसले नाहीत. माणसं आधी आली, खोकी मागून, या तुझ्या ओळीशेजारी समासात त्यांनी काही लिहिलं. निवृत्त झाल्यापासून त्यांनी कशावर शेरा मारलेला मी पाहिला नव्हता. ते पान तुलाच परत पाठवतो आहे, नीट जपून ठेव. अक्षर थरथरतं आहे, पण तू वाचू शकशील:

पाहिले. हीच रीत असावी. मान्य.

खाली सही आणि तारीख आहे, कार्यालयात करीत तशीच.

घरी येण्याचं मनावर घ्यावं, सगळे वाट पाहतात.

तुझा
विश्वनाथ