शेगडीजवळचं टेबल

रविवार, १४ जानेवारी
संध्याकाळी सहा

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही घरी पोचलो. बाबा आता बरे आहेत. दुपारी तुझ्या रेस्टॉरंटमध्ये घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. पावणेएकला आम्ही कोळशाच्या शेगडीशेजारच्या टेबलावर बसलो. खिडक्या बंद. छतातला धूर ओढणारा पंखाही बंद.
२. एक वाजता बाबांनी सुशीची दुसरी प्लेट आणली. तू त्यांना नूडल्स वाढल्यास.
३. दीडला हॉलमधलं बोलणं जवळजवळ थांबलं. माणसं चाळीस होती.
४. पावणेदोनला बाबा चॉपस्टिक्स हातात धरून झोपले. पाचव्या हाकेला उठले.
५. बाहेर मोकळ्या हवेत त्यांनी दोनदा विचारलं, "आपण गोड खाल्लं का?" दोन्ही वेळा मी हो म्हणाले.

तू म्हणालास, "बुफेत आडवा हात मारल्यावर माणूस पेंगणारच. इथून कुणी ताठ चालत गेलं तर मलाच वाईट वाटतं." शेजारच्या टेबलावरचे काका हसले, पण डोळे न उघडता.

मी जेवायला आले नव्हते. धाकटी बहीण दोन वर्षांत पहिल्यांदा आली म्हणून तू स्वतः मासा भाजून आणलास, त्यामुळे हे लिहिणं जड जातंय. माझ्या पर्समध्ये प्रयोगशाळेतलं मीटर होतं. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. दिवसभर काम करणाऱ्यासाठी आम्ही हवेच्या दहा लाख भागांत तीस भागांची मर्यादा धरतो. शेगडीपाशी एकशे बारा होता. आमच्या टेबलावर अठ्ठ्याऐंशी. काउंटरवर, वहिनीच्या खुर्चीपाशी, चौसष्ट.

वहिनीला सातवा महिना आहे.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. सहा दिवस डोकं ठणकतं, सोमवारी सुट्टी असली की काही नाही. "दुकानातला तुझा दादा मला सोसत नाही गं, घरातला चालतो," म्हणाली आणि हसली. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी मीटर मागून घेतलं.

पंखा लाव, असं मी तुला तिथेच सांगितलं. "लावला की राख उडून सुशीवर बसते. बाईसाहेब, प्रयोगशाळा उद्या. आता जेवा." मग मी मागचं दार उघडलं. तू येऊन ते लावलंस आणि माझ्या प्लेटमध्ये अजून एक मोमो ठेवलास.

येताना बाबांना दवाखान्यात नेलं. त्यांच्या रक्तात वायू सापडला. ते तासभर बसले होते. वहिनी रोज नऊ तास बसते.

इथवर एक गोष्ट टाळली. ऑक्टोबरमध्ये तू मला फोन केला होतास. भिंतीवरचं वायूचं यंत्र सारखं ओरडतंय, लोक वळून बघतात, काय करू? असली यंत्रं तपासणं हेच माझं काम. विनाकारण ओरडणारी फार थोडी असतात, हे मला ठाऊक होतं. पण तुला बोलायला निमित्त हवंय असं मला वाटलं, आणि मला बोलायचं नव्हतं. मी म्हणाले, "बिघडलं असेल. बॅटरी काढून ठेव, आले की बघते." आणि मी आले नाही.

आज पाहिलं. यंत्रातली बॅटरीची जागा अजून रिकामी आहे. तू माझं ऐकलंस, एवढंच तुझं चुकलं, असं मी म्हणणार नाही. पण पहिली चूक माझी. वहिनीला हे अजून सांगितलेलं नाही.

उद्या सकाळी नऊला मी तिला रक्ततपासणीला नेणार आहे. त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही. तिथे तिला ऑक्टोबरचंही सांगेन. बाळाबद्दल तिने विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ते मला माहीत नाही.

मंगळवारी अकराला तू उघडतोस. त्याआधी शेगडी हॉलमधून निघाली पाहिजे, यंत्र भिंतीवर चालू हवं आणि वहिनी घरी. तिन्हीला हो की नाही, एवढंच लिही. नाही असेल किंवा काहीच आलं नाही, तर मंगळवारी नऊला मी अग्निशमन कार्यालयात आजचे आकडे लिहून देईन. ऑक्टोबरमधलं माझं वाक्यही.

सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर दे.

तुझी,
जिचं तू ऐकलंस ती धाकटी