खांद्याएवढा मका

माळवाडी, ता. खानापूर
१८ मे २०२५

चि. पूर्णिमास मामीचा आशीर्वाद.

शेण काढून झालं होतं. चुलीवर पाणी तापत होतं आणि मी घरामागच्या परड्यात बसून तांदूळ पाखडत होते. परड्याला लागून आपला मका. तुझे मामा राखुंडीनं दात घासत बांधावर उभे होते. आत सळसळ झाली.

"भरमूची म्हस शिरली बघ परत," ते म्हणाले.

"मारू नगासा. गाभण हाय ती."

"मारतोय कशाला? कान धरून नेतो आन् भरमूच्या दारात बांधतो. दंड म्हणून च्या पिऊनच येतो."

मी हसले. ते हातात काठीही न घेता आत गेले. "हाय्य, चल घरला" म्हणालेलं मला ऐकू आलं. शेजाऱ्याच्या जनावराशी बोलतात तसंच, रागावून पण जपून. मी पुन्हा सुपाकडे बघितलं.

गेल्या पावसाळ्यातली, तुझे मामा गेले ती सकाळ तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण हल्ली माझं कुठलंही बोलणं तिथूनच सुरू होतं.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? अक्काताईंना म्हणावं, टिळकवाडीतले जिने आता पुरे, इकडे येऊन राहा. यंदा फणस भरपूर आहेत. सूरज बरा आहे. बेळगावात कारखान्यात दुपारपाळीला जातो, सकाळी शेत बघतो. त्याच्या लग्नाचं बघतोय, पण मुली विचारतात घर कुठे, आणि जंगलाच्या कडेला म्हटलं की गप्प होतात.

पूर्णिमा, दिवाळीत तू तुझ्या संशोधन केंद्रातल्या मक्याचा फोटो दाखवलास. सगळे कणसं बघत होते. मी तुझं डोकं बघत होते. मक्याच्या मधोमध उभी होतीस आणि खांद्यापासून वरची सगळी दिसत होतीस. मागे दुसऱ्या टोकाला एक गडी होता, त्याची टोपीसुद्धा दिसत होती. तू सांगितलंस, त्यात बाहेरचं काही घातलेलं नाही. मक्याच्या आतच "उंच वाढ" अशी जी आज्ञा असते तेवढीच बदलली आहे. कणीस तेवढंच, कांडी मात्र आखूड आणि जाड. वादळात लोळत नाही. जनुक संपादन हा शब्द मी मग वाचनालयात मासिकात शोधला. सूरजच्या पहिलीच्या पुस्तकावरून वाचायला शिकलेली बाई मी, दोनदा वाचलं तेव्हा निम्मं कळलं.

तुम्ही ते वाऱ्यासाठी करता. मला वाऱ्याचं काही नाही. गव्याची पाठ माणसाच्या खांद्याच्याही वर जाते. तुझ्या मक्यात ती लांबून दिसली असती. आपल्या मक्यात ती तुझ्या मामांना हातभर अंतरावर आल्यावर दिसली. भरमूची म्हैस त्या वेळी त्याच्याच दारात होती आणि तो तिला वैरण टाकत होता.

सूरजला म्हटलं, मका नको, रताळी लाव. म्हणाला, डुकरं एका रात्रीत उकरतील. भुईमुगाचंही तेच. आणि वर म्हणाला, "मका सोडला तर भ्यालो म्हणतील गं." कोण म्हणेल ते त्यालाच माहीत.

वीस गुंठ्यांना चार किलो बी पुरे. मी कुणाला सांगणार नाही. सूरजलासुद्धा नाही. बाजारातलं म्हणून पेरीन. पाऊस लागायच्या आत पाठव.

हे फोनवर बोलता येत नाही, फोन सूरजचा आहे.

तुझी मामी,
मालुबाई

*

माळवाडी
२१ ऑगस्ट २०२५

चि. पूर्णिमास आशीर्वाद.

तुझं उत्तर जूनमध्येच मिळालं होतं. रागानं गप्प नव्हते. "मामी, एक दाणासुद्धा कुंपणाबाहेर नेता येत नाही, चाचण्या पुऱ्या व्हायला अजून दोन-तीन वर्षं आहेत" हे तू किती जपून लिहिलंस ते कळलं. तुझ्या नोकरीवर पाणी पडेल असं मागायला नको होतं. पण मागितलं याचं मला वाईट वाटत नाही. तेही लिहून ठेवते.

पेरणी झाली. यंदा पाऊस चांगला, म्हणून मका माजला. सूरजच्या डोक्यावर दोन हात गेला. लोक थांबून कौतुक करत होते. मी मात्र परड्याच्या पुढे पाऊल टाकत नव्हते. तुझ्या मामांना बाहेर आणलं त्या दिवसापासून मी मक्यात गेले नव्हते. तण काढायला, भांगलणीला, गावातल्या जयाबाईला बोलावते आणि गुडघे दुखतात म्हणून सांगते. जयाबाईला खरं काय ते माहीत आहे, पण ती माझ्या गुडघ्याला तेल सुचवते.

सूरज आत गेला की मी हाका मारते. मागच्या आठवड्यात एकदा त्याने ओ दिली नाही. मी ओरडत सुटले. तो बाहेर आला तो कानातली वायर काढत. "आई, मी हाय की गं! गाव गोळा करतीस व्हय?" मी आत जाऊन भाकरी थापायला घेतल्या.

आता सोमवारचं सांगते, त्यासाठीच हे पत्र आहे. सकाळची वेळ. सूरज बांधावर चहा पीत उभा होता. मक्यात सळसळ झाली. वारा नव्हता. आदल्या दिवशीच भरमूनं ओढ्याकाठी गव्याचे खूर बघितले होते आणि घरोघर सांगितलं होतं.

सूरज म्हणाला, "भरमूआप्पाची म्हस असंल."

पूर्णिमा, तेच शब्द. त्याला कुणी शिकवले? बापाचं ते शेवटचं बोलणं मी त्याला कधीच सांगितलेलं नाही.

मी धावले आणि त्याचा शर्ट धरला. "न्हाय जायचं. भरमूला हाक मार आदी. म्हस दारात हाय का इचार."

"तवर निम्मा मका खाईल की. सोड आई."

"खाऊ दे. समदा खाऊ दे."

"येडी का काय तू?" म्हणत त्याने माझी बोटं सोडवली आणि आत शिरला. मका मिटला. शेंडे हलत हलत लांब गेले आणि मग हलायचे थांबले. मी बांधावर उभी होते.

मग तो बाहेर आला. हातात कान आणि कानाला म्हैस. खरोखर भरमूचीच होती, दावं तोडून आलेली. सूरज खदखदा हसत होता. "बघ! म्हसच हाय. उगं भितीस लई."

भरमू आला, त्याने म्हशीला दोन शिव्या दिल्या, सूरजच्या पाठीवर थाप मारली. मीही चहा टाकला. सगळे हसले. आणि मला बसल्या जागी कळलं की झालं ते फार वाईट झालं. गवा निघाला असता आणि तो पळून वाचला असता तरी चाललं असतं. आता तो दर वेळी म्हणणार, म्हैसच आहे. दर वेळी नुसत्या हातानं आत जाणार. त्याचं भय गेलं, पूर्णिमा. माझं एकच लेकरू आहे गं ते.

संध्याकाळी मी वाचनालयातल्या बाईंच्या फोनवरून तुला विचारलं, उभा मका बुटका करायचं काही औषध आहे का. तू म्हणालीस, एवढ्या वाढलेल्याला काहीच नाही. मी विचारलं, चाऱ्यासाठी शेंडे छाटतात तसे छाटले तर? तू म्हणालीस, "मामी, आत्ता अजिबात नको. तुरा नुकताच निघतोय. तो गेला तर कणसात दाणाच धरणार नाही. अजून तीन आठवडे थांब, मग छाट." मी बरं म्हटलं. तू पुन्हा विचारलंस, "थांबशील ना?" मी पुन्हा बरं म्हटलं.

तीन आठवड्यांत एकवीस सकाळी असतात.

तुझ्या मक्याला अजून दोन-तीन वर्षं लागणार. तुझं काम लवकर होवो. माझ्यासाठी नाही, पण या कडेला आणखी कितीतरी बायका परड्यात बसून आतली सळसळ ऐकत असतील. हे तुझ्या केंद्रातल्या मोठ्या लोकांना सांग. वाऱ्याखेरीज आणखी एक कारण आहे म्हणावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूरज पाळीला गेला. मी विळा घेतला, मक्यात शिरले आणि अंधार पडेपर्यंत वीस गुंठे मका, तुऱ्यासकट, माझ्या खांद्याएवढा ठेवून वरचा सगळा कापला.

सूरजची आई