न मारलेली हाक

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी सात.

आजपासून रोजनिशी. मनातलं लिहून काढलं की भीती कमी होते म्हणतात. मला भीती वाटत नाहीये, पण लिहायला काय हरकत आहे.

झालं असं. दुधाचा पेला घेऊन टिटवीच्या खोलीकडे गेले. दार लोटलेलं. आतून आवाज: मार ना! डोक्यात मार! मेला, मेला!

आवाज माझ्या मुलीचा. वय वर्षं बारा. जन्मली तेव्हा रडून सगळा वॉर्ड उठवला, म्हणून टिटवी. बाथरूममध्ये मुंगी दिसली तर कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडते. सोडायची.

दुधावर साय धरेपर्यंत दाराशी उभी राहिले. मग दूध मीच प्यायले.

निश्चय: बंदुकांच्या गेमवर मर्यादा. रोज अर्धा तास. उद्यापासून. आवाज प्रेमळ पण ठाम. चौदा वर्षं लोकांना गाडी शिकवते आहे. ज्यांना क्लच कुठला ते माहीत नाही अशांच्या शेजारी बसून भर चौकात शिरते. बारा वर्षांच्या पोरीला काय घाबरायचं?

४ फेब्रुवारी, मंगळवार.

सांगितलं. तिने विचारलं, अर्धाच तास? मी म्हटलं, बरं, पाऊण. ती गप्प. मी म्हटलं, एक. ती अजून गप्प. तिच्या गप्प बसण्याला मी फार घाबरते. म्हणजे घाबरत नाही, जपून असते.

मग ती बोलली. चौघांची टीम आहे. एक जण मध्येच उठला की बाकीचे मरतात. मग कॅप्टन दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत बोलत नाही. आणि कॅप्टन नाही बोलली की कुणीच नाही बोलत.

कॅप्टन म्हणजे तिच्या वर्गातली. एकदा घरी आली होती. दोन वेण्या, आणि माझ्या हातातला चहा सांडेल असा आवाज.

डब्याच्या सुट्टीचं ऐकून शाळेचा जिना आठवला. मला सातवीत दोरीउड्यांमधून काढलं होतं. चार महिने जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून डबा खाल्ला. त्या पायरीचा डावा कोपरा फुटलेला होता.

दोन तासांवर मिटलं. पण अट घातली, दोन तास म्हणजे दोनच तास. आधी ती दोनच तास खेळायची. तरी आता ते नियमाने होणार, हा फरक आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

नवऱ्याचा सल्ला घेतला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याचे सगळे सल्ले लिफ्टचे असतात. म्हणाला, ओव्हरलोड झालं की लिफ्ट काय करते? भांडते का? समजावते का? दार उघडं ठेवून उभी राहते. तू तशी उभी राहा. मी म्हटलं, मग तूच राहा की. म्हणाला, राहिलो असतो, पण ती रडली की मला बघवत नाही. आणि बूट घालून गेला.

दुपारी शिंपीणबाईंचा क्लास. वय बावन्न, ब्लाउज शिवण्यात हात धरणारं कुणी नाही. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास. माझ्या बाजूला मास्तरचा जादा ब्रेक असतो. त्या म्हणाल्या, मॅडम, तुमचा पाय सारखा त्याच्यावर. मी चुकले की गाडी थांबते, नाही चुकले तरी थांबते. मग मला कळणार कसं?

नापास झालेली माणसं काहीही बोलतात.

८ फेब्रुवारी, शनिवार.

खबरदारी म्हणून सुरी पिठाच्या डब्यामागे लपवली. कात्रीसुद्धा. नवऱ्याने टोमॅटो दाताने तोडला. कारण सांगितलं नाही, उगाच घाबरायचा.

आणखी एक गोष्ट झाली. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. तोंडात चिमटा. सहा वाजून वीस मिनिटांनी टिटवी खोलीतून ओरडली, आले गं आई! आणि बाहेर येऊन पाणी प्यायली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही.

मी हाक मारलीच नव्हती.

मुलीला भास होतात. मेंदूवर परिणाम सुरू झालाय.

१० फेब्रुवारी, सोमवार.

काल पुन्हा. सहा वीस. आले गं आई! मी तेव्हा शेजारच्या दुकानात होते. नवऱ्याने सांगितलं.

नुसतं दाराशी उभं राहून भागणार नाही. आत शिरायला हवं. नवऱ्याचा जुना टॅब घेतला. टीमचा नंबर टिटवीच्या टेबलावर चिकटवलेलाच आहे. नाव घ्यायचं होतं, भीती बसेल असं. विंचू १३. गेमच्या चित्रावर 'सतरा वर्षांवरील' असं लिहिलंय. त्या टीममध्ये सतरा वर्षांवरची मी एकटीच असेन.

कॅप्टनने घेतलं! पाचवा गडी हवाच होता म्हणे. मी कानात इयरफोन घातला, त्यांचं बोलणं ऐकू येतं. मी मात्र बोलायचं नाही, नुसतं लिहायचं. कॅप्टनने विचारलं, विंचू, कितवीत? मी लिहिलं: सातवीत आहे. आपण विचारपूस केलीत, आभारी आहे.

कुणाला संशय आला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

अकरा सेकंदांत मेले. नंतर नऊ. नंतर सात.

हे कुणाला सांगणार नाही: फार भीती वाटली. मागून बुटांचा आवाज येतो. जवळ जवळ येतो. मान वळवायची तर कुठलं बटण, ते आठवत नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून माझा उजवा पाय फरशी दाबत होता. फरशीला ब्रेक नसतो. भाजी करपली.

आणि असल्या ठिकाणी माझी लेक रोज दोन तास असते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

आज जीप मिळाली. आता माझा प्रांत! चौघांना बसवलं. लिहिलं: पट्टे लावले का सगळ्यांनी? वळणावर हॉर्न दिला. पुलाआधी थांबून दोन्ही बाजू पाहिल्या. कुणीतरी गोळ्या झाडत होतं, पण घाईने अपघात होतात. शेवटी जळक्या ट्रकमागे जीप रिव्हर्स घेऊन एका दमात लावली. चष्मिष हसून हसून खोकायला लागला. हा टीममधला दुसरा. चौथा बोलत नाही, नुसता चघळत असतो. चष्मिष म्हणाला, विंचू, तू लय भारी चालवतोस. कुणी शिकवलं? मी लिहिलं: निरीक्षणातून शिकलो.

कॅप्टन म्हणाली, उद्या पण तूच चालव.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. सातवीत असं कुणी म्हणालं नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

हेरगिरीतून हाती आलेली माहिती भयंकर आहे.

टिटवी लढत नाही. एका पडक्या भिंतीमागे उभी असते. कायम. तोंडाने मार, मार ओरडते, पण सात दिवसांत एकही गोळी झाडलेली नाही. म्हणजे दबा धरून बसली आहे. इतका थंड डोक्याचा माणूस मी पाहिलेला नाही.

तिचा फोनही तपासला. गेमचा आवाज पूर्ण बंद. गोळ्यांचा आवाज न ऐकता खेळते! मन किती दगड झालं असेल.

आणि सहा वीसला, न चुकता, आले गं आई! मी चार हातांवर, भिंतीपलीकडे, टॅब मांडीवर घेऊन बसलेली. तोंडातून शब्द नाही काढलेला.

डॉक्टरांची वेळ घ्यायची. उद्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

डॉक्टरांची वेळ सहाची मिळत होती. सहाला आमचा खेळ असतो. पुढच्या आठवड्यात बघू.

मर्यादेचा विषय टिटवीकडे पुन्हा काढला. ती पटकन वर बघून म्हणाली, म्हणजे बंद करणारेस का? तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मी घाबरले. घाईघाईने म्हटलं, नाही नाही, बाळा, तुझ्यावर विश्वास आहे. ती म्हणाली, बरं. आणि उठून गेली.

संकट टळलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी साडेसात.

क्रमाने लिहिते.

आज कॅप्टनने सगळ्यांना सरावाच्या मैदानात नेलं. तिथे आपल्याच माणसावर गोळी चालते. म्हणाली, टिटवीने आजपर्यंत एक तरी मारलाय का? नुसती कावकाव करते. आज मारून दाखव, नाहीतर उद्यापासून टीममध्ये नाही आणि डब्यालाही आमच्यात नाही. टिटवी म्हणाली, कुणाला मारू? कॅप्टन म्हणाली, विंचूला. नुसता उभाच असतो.

मी खरंच नुसती उभी होते. पळायचं बटण सापडत नव्हतं.

टिटवी भिंतीमागून बाहेर आली. बंदूक माझ्याकडे. झाडली नाही. चष्मिष म्हणाला, जाऊ दे ना गं. कॅप्टन म्हणाली, तू गप रे, लिंबूटिंबू. मी आकडे मोजते. एक. दोन.

आणि टिटवी ओरडली, आले गं आई!

एका कानाने इयरफोनमधून ऐकलं, दुसऱ्या कानाने भिंतीतून. इतक्या काकुळतीने तिने मला कधी हाक मारली नव्हती. म्हणजे ओ दिली नव्हती. म्हणजे मलाच कळेना ती हाक आहे की ओ.

कॅप्टन म्हणाली, खोटारडी. रोज सहा वीसला बरी आई हाक मारते! तुझी आई इथेच तर आहे. विंचूकाकू, तुम्ही मारली का हो हाक?

विंचूकाकू.

म्हणजे यांना माहीत होतं. कधीपासून? चष्मिष आपणहूनच म्हणाला, पट्टे लावले का, तेव्हापासून.

सगळे थांबले होते. मी 'हो' एवढंच लिहायचं होतं. एक अक्षर. किंवा स्टुलावरून उठून ओरडायचं होतं, टिटवे, ऊठ, बंद कर आधी ते. चौदा वर्षं भर रस्त्यात अनोळखी माणसांवर ओरडते मी. पण कॅप्टन वाट बघत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती तिसरी पायरी आली, फुटक्या कोपऱ्याची. उजवा पाय फरशीत रुतवून बसले आणि लिहिलं:

मी काकू नाही. मी सातवीत आहे.

मग गोळी सुटली. पडद्यावर लाल अक्षरं आली. टिटवीने विंचूला मारलं.

मग दार उघडलं. ती स्वयंपाकघरात आली, स्टुलापाशी उभी राहिली. नाक लाल. तिने टॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, आई, तू हाक का नाही मारलीस?

मी म्हटलं, मला वाटलं तुला खेळायचंय.

ती म्हणाली, मला भीती वाटते त्याची. म्हणून आवाज बंद ठेवते. मी रोज वाट बघते की आज तरी तू बंद म्हणशील. मग सांगता येईल ना, आई देत नाही. सगळ्यांना चालतं ते. तू म्हणतच नाहीस. मग मी आपली मनानेच ओ देते.

मी म्हटलं, मलाही भीती वाटते.

ती म्हणाली, माहितीये. सुरी पिठाच्या डब्यामागे आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

गेम बंद. वाटाघाटी नाहीत. सहा वीसला स्वयंपाकघरातून ओरडले, टिटवे! खबरदार हात लावलास तर! फोन बंदच होता, पण तिने ओरडायला सांगितलं होतं, शेजारच्या इमारतीत चष्मिष राहतो, खिडकीतून त्याला ऐकू जायला हवं. नवरा धावत आला. म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, ओव्हरलोड.

२६ फेब्रुवारी, बुधवार.

कॅप्टन बोलत नाही. आज तिसरा दिवस. टिटवीने डबा एकटीने खाल्ला. कुठे बसलीस, विचारलं. खिडकीपाशी, म्हणाली. जिन्यात नाही ना, विचारलं. ती म्हणाली, जिन्यात कशाला?

आज चष्मिष शेजारी येऊन बसला. म्हणाला, माझी पण आई देत नाही. त्याच्या आईला मी ओळखते. तिला अजून काहीच माहीत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.

शिंपीणबाईंच्या क्लासला दोन्ही पाय गुंडाळून बसले. समोर सायकलवाला आला. मी डोळे मिटले. गाडी थांबली. मी नव्हती थांबवली.

मी कडक आई आहे हे आता सिद्ध झालं. नाही म्हणणं अजिबात अवघड नसतं. उगाच लोक बाऊ करतात. इतर पालकांसाठी एखादा छोटा वर्ग घ्यावा का?

१ मार्च, शनिवार. संध्याकाळ.

सहाला टॅब वाजला. कॅप्टन. विंचूकाकू, टिटवी नाही तर नाही, तुम्ही तरी या. जीप कुणालाच जमत नाही. काल पुलावरून पडलो.

नाही असं लिहायचं होतं. 'ना' लिहिला. खोडला. कॅप्टनचं पुन्हा आलं, येताय ना? वाट बघतोय. पुन्हा 'ना' लिहिला, पुन्हा खोडला. आज थोडं काम आहे, असं लिहिलं. तिने विचारलं, किती वाजेपर्यंत? उद्या येते, असं लिहायला घेतलं. सहा वाजून वीस मिनिटं झाली.

आतून टिटवी ओरडली, आई! चल आधी! कितीदा हाक मारायची!

मी लिहिलं, जाते गं. मुलगी ओरडते. आणि टॅब बंद केला.

आत जाऊन पाहिलं. पलंगावर पालथी पडून चित्र रंगवत होती. मान वर न करता विचारलं, गेली का कॅप्टन?

मी म्हटलं, हो.

तिचं माझ्याकडे काही काम नव्हतं.