गोल भिंतीची खोली

मैलापूर, मद्रास
२१ ऑगस्ट १९८८

ती. रघूअण्णास,
वैदेहीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. रेडिओच्या स्टुडिओत बसून तू साऱ्या मुलखाचा आवाज नीट करतोस, आता बहिणीच्या घरचाही कर.

नव्या घरात आल्यापासून सासूबाईंची वीणा माडीवरच्या खोलीत असते. खोली दाराशी अरुंद, आत रुंद, आणि रस्त्याकडची भिंत रस्त्याच्या वळणाबरोबर गोल वळलेली. एक तार छेडली की चार घुमतात. सासूबाई म्हणतात, खोलीला काही झालेलं नाही, माझी बोटंच गेली. दोन वर्षं त्या फक्त विजयादशमीला वीणेला हात लावतात, तोही रीत म्हणून. यंदा त्याच दिवशी त्यांची भाची अलमेलू मदुरेहून येऊन वीणा घेऊन जाणार, असं त्यांनी ठरवून टाकलंय. अण्णा, दुपारी डोळा लागला तरी त्यांची बोटं पदराच्या काठावर चालत असतात. ती गेलेली नाहीत. काहीतरी सुचव.

लोभ आहे, तो उपायासकट पाठव.
तुझी वैदेही

तिरुच्ची
३ सप्टेंबर १९८८

चि. सौ. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

दोष भिंतीचाच. गोल भिंत आवाज गोळा करून नेमका बसणाऱ्याच्या कानात ओतते. तिच्यावर जाड गोधड्या टांग, किंवा तिच्यापुढे काहीतरी उंचसखल उभं कर, म्हणजे आवाज फुटून पांगेल. तुझी वहिनी विचारते, आपल्या आईचा आवाज कमी करायचाही काही उपाय आहे का. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार. लोभ असू दे, पत्रही असू दे.
रघू

मैलापूर
२२ ऑक्टोबर १९८८

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

गोधड्या टांगल्या. ही सरस्वतीची खोली आहे की परटाचं अंगण, असं विचारून सासूबाईंनी त्या लगेच उतरवायला लावल्या. मग नवरात्र आलं. खाली भिंतींना रंग चालला होता, म्हणून नवरात्राच्या मांडणीतल्या, कोलूच्या बाहुल्या माडीवर मांडूया म्हटलं. गोल भिंतीला लावून सात लाकडी पायऱ्या, वर रेशमी साडी, तिच्यावर बाहुल्यांची गर्दी. कुंकवाला आलेल्या बायका तिथे बसून गायल्या आणि शब्दन् शब्द मोकळा ऐकू आला! मी मात्र मिठाची गुळणी धरून बसले.

सरस्वतीपूजेला वीणा बाहुल्यांपुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, ती उचलून थोडी तरी वाजवायला हवी. अलमेलू गवसणी घेऊन समोर बसलेली. सासूबाईंनी उरकायचं म्हणून तार छेडली आणि थांबल्या. वळून भिंतीकडे पाहिलं. पुन्हा छेडली. मग जे वाजवायला लागल्या, ते प्रसादाच्या हरभऱ्यांचं सुंडल निवून गेलं तरी थांबेनात. शेजारणी जिन्यात उभ्या, अलमेलू रडतेय. ही माझी सासू आहे, असं मला रस्त्यावर जाऊन ओरडावंसं वाटलं. अण्णा, मला फार अभिमान वाटला रे.

पुढचं त्या स्वतः लिहिणार आहेत. मला वाचू देत नाहीत.
तुझी वैदेही

मैलापूर
२९ ऑक्टोबर १९८८

चि. रघुरामनास,
कोमलम्माचे आशीर्वाद.

सुनेने कळवलं असेलच, पण ती वाढवून लिहिते. माझी बोटं कधीच गेली नव्हती आणि खोलीचा दोष मला पहिल्यापासून ठाऊक होता.

आता तुला म्हणून खरं सांगते. सरस्वती घर सोडून गेली, असं धरून दोन वर्षं मी गप्प बसले होते. एकटी असताना फार रडले. तुझ्या बहिणीने एकदाही माझं सांत्वन केलं नाही. ती भिंतीशी भांडत राहिली. अशी सून मैलापुरात दुसरी नाही, पण हे तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

बाहुल्या पेटीत गेल्या, रीत ती रीत. पायऱ्या मात्र तिथेच ठेवल्या आहेत. वर साड्यांची गाठोडी आणि पुस्तकं रचली आहेत. लोक हसतात, हसू देत. अलमेलूला म्हटलं, वीणा माझ्यामागे तुझीच, तोवर शिकायला राहा. तिचा हात जड आहे, वर्ष तरी जाईल.

मी वाजवायला बसले की खाली फोडणीचा आवाज थांबतो. तुझी बहीण झारा हातात धरून ऐकत उभी राहते. तिला एवढं लिही, की मोहरी जाळू नकोस, सासू आता रोज वाजवणार आहे.

लोभ कागदावर पुरे, येऊन ऐकून जा.
कोमलम्मा