उलटा फिरणारा पंखा

प्रिय पार्थ,

तू पाठवलेलं ते भुसा ओढायचं मशीन दुरुस्त झालं, हे आधी सांगून टाकते. डस्ट कलेक्टर म्हणायचं म्हणे त्याला. दर फोनला सुधारतोस मला. नाव सुधारता आलं, मशीन काही तुला सुधारता आलं नाही.

दिवाळीपासून ते नुसतंच घोंघावत होतं. अण्णा शेडमध्ये लाकूड कापायला बसले की भुसा हवेत आणि तिथून त्यांच्या छातीत. खोकून खोकून डोळ्यांत पाणी यायचं, तरी 'मला काय न्हाई झालं' चालूच. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं, धूळ थांबवा नाहीतर काम थांबवा. आणि तू काय केलंस? पुण्यात एसीत बसून उपदेश! पिशवी झटक म्हणालास, झटकली. पाइप गळत असेल म्हणालास. उदबत्ती पेटवून एकेक सांधा तपासला, धूर जिथं आत ओढला जात होता तिथं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या. तरी ओढ तेवढीच. मग तुझा निकाल आला, मोटार गेली, भंगारात टाक. वा रे पठ्ठ्या! तोंड न बघताच मयत ठरवून मोकळा. काष्टीला येऊन एकदा बघावं, हे काही तुला सुचलं नाही.

मोटार कुठंही गेली नव्हती. उलटी फिरत होती. दिवाळीच्या तोंडावर वस्तीवरची विजेची डीपी जळाली, वायरमनने नवी बसवताना तारांची अदलाबदल केली आणि सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी उलट्या फिरायला लागल्या. पाणीच येईना. शेजारचे अजिनाथकाका वायरमनच्या सात पिढ्या उद्धारत आपल्याही स्टार्टरमधल्या दोन तारा बदलून आले. पाणी आलं, सगळे गप्प. शेडमध्ये थ्री फेजवर चालणारं हे एकच मशीन, त्याची कुणाला आठवण? मलाही झाली नाही. विहिरीवरची मोटार उलटी फिरली तर लगेच कळतं. हा पंखा मेला उलटा फिरूनही थोडं थोडं ओढत राहतो, लांबून वाटावं की काम करतोय. अगदी तुझ्यासारखा. परवा मशीन बंद केलं, पंखा मंदावला, तेव्हा दिसलं की तो मशीनवर काढलेल्या बाणाच्या उलट फिरतोय. मेन बंद करून मीच दोन तारा बदलल्या. बटण दाबलं तशी पिशवी टम्म फुगली.

आता खरं लिहिते. गेल्या रविवारी तू म्हणालास ना, म्हाताऱ्याला पुण्यात एका कोपऱ्यात बसवू, शेड विकून टाक, पुढच्या रविवारी न्यायला येतो? माझे हात पिठात होते रे, फोन स्पीकरवर होता. अण्णा उंबऱ्यात उभे होते. दुसऱ्या दिवशी कपड्यांचं बोचकं बांधलं, रंधे-पटाशा पोत्यात भरल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या. मशीन चालू झाल्यावर मी त्यांना ओढत शेडमध्ये नेलं. पाइपच्या तोंडाशी हात धरून ते कितीतरी वेळ उभे राहिले, हसलेसुद्धा. मग म्हणाले, 'पार्थ येतोय न्यायला, त्याचा शब्द कसा मोडू?' मी घसा कोरडा केला. बोचकं अजून दाराशीच आहे. पोरीनं औषधं द्यावीत, छाती शेकावी, मशीन दुरुस्त करावं. शब्द मात्र पोराचा! संताप येतो, तुझा आणि त्यांचाही. फोनवर सांगावं तर तू मीटिंगमध्ये आणि अण्णा माझ्या शेजारी. म्हणून हे पत्र. रविवारी गाडी आणू नकोस. त्याआधी फोन कर, मला नाही, त्यांना. म्हण, अण्णा, इथं नका येऊ, मला घरात चार पाट हवेत, तुम्हीच करा. खोटं असलं तरी म्हण. तू सांगितलंस तर ते बोचकं सोडतील. माझ्या सांगण्यानं नाही सोडणार. विनवतेय तुला, पार्थ.

तुझीच,
निकिताताई