नाक वर गेलं की ढकलायचं

लिंबायत, सुरत

ती. शोभाआक्कास,

धाकट्या भावाचा, म्हणजे भटूचा, दंडवत. पारोळ्यात सगळे सुखरूप असतील, तुझा गुडघा आता ऐकत असेल आणि भाऊजींनी चहातली साखर (निदान तुझ्यासमोर तरी) सोडली असेल, असं धरून चालतो. आम्ही खुशाल आहोत. माझ्या कमरेला थोडा मार आहे. त्याला कारण तुझी भाची.

तू फोनवर विचारलंस, मयुरी पायलट झाली ना, मग आता कसलं शिक्षण? तर विमान हवेत आडवंतिडवं होऊन हाताबाहेर चाललं, तर ते ताळ्यावर कसं आणायचं, याचं हे शिक्षण. (अर्धं शिक्षण तशी वेळ येऊच नये याचं आहे, पण तुझ्या भावजयीला, उषाला, ते अर्धं ऐकूच आलं नाही. पहिलं वाक्य ऐकून ती देवापाशी जाऊन बसली होती.) शिकवणारा साहेब चांगलं चाललेलं छोटं विमान मुद्दाम उलथंपालथं करतो आणि म्हणतो, घे, सावर! आक्का, माझा जन्म लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात गेला. चांगली चालणारी मशीन मुद्दाम बिघडवणाऱ्याला आम्ही दुसऱ्या दिवशी आत घेत नाही. ह्याला त्याचा पगार मिळतो.

मी पोरीला अनुभवाचा सल्ला दिला, की मागावर सुताची तार तुटली की आधी मशीन बंद करायची, मग चष्मा लावून निवांत बघायचं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, आप्पा, वर बंद करून कुठे थांबणार? मग तिने समजावलं. नाक फार वर गेलं की पंखांना हवा धरत नाही, विमान खाली बसायला लागतं. घाबरलेला माणूस दांडा आपल्याकडे ओढतो, आणि तीच चूक. दांडा पुढे ढकलायचा, समोर जमीन दिसत असली तरी. हवेने पुन्हा धरलं की पंख सरळ करायचे आणि मग हलक्या हाताने वर यायचं. मी म्हटलं, एवढंच? त्यात काय शिकायचंय?

ती म्हणाली, बसा झोपाळ्यावर.

आपल्या गॅलरीत झोपाळा आहे, तू पाहिलायस. (सुरतेत राहून झोपाळा नसला तर शेजारी भाडेकरू समजतात.) माझ्या हातात दांडा म्हणून लाटणं दिलं आणि डोळे मिटायला लावले. भेस्तानहून माझे शालक भूपेंद्रराव जेवायला आले होते, त्यांना झोका द्यायला उभं केलं. बहिणीच्या नवऱ्याला ढकलायची परवानगी मिळाल्यावर माणूस मागे राहतो का? पाय आभाळाकडे गेले. मयुरी गुजरातीत ओरडली, "आप्पा, आगळ धक्को मारो ने!" पुढे ढकलायचं हे मला पाठ होतं, पण हाताने लाटणं पोटाशी धरलं, तोंडाने "बंद कर! बंद कर!" म्हटलं आणि मी थेट खाटेवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवर, म्हणजे उषाच्या बिबड्यांवर, उतरलो.

उषा धावत आली. कमरेची चौकशी नाही. बिबड्यांचे तुकडे गोळा करत म्हणाली, "तुमले एक काम तरी धड जमस का?" मग पदर खोचून स्वतः बसली. झोका वर गेला की लाटणं पुढे! दर वेळी पुढे! इतकी वर्षं पोळ्या लाटल्यावर हात दुसरीकडे जाणार कुठे? मयुरीने टाळ्या वाजवल्या. भूपेंद्ररावांनीही वाजवल्या. (त्यांनी एवढ्या जोरात वाजवायचं कारण नव्हतं.)

असो. पोरगी गेली आणि पास होऊन आली. सांगत होती, पहिल्यांदा विमान कलंडलं तेव्हा हात मागे ओढू पाहत होता. एक श्वास घेतला आणि ढकललं. मी "शाबास" म्हटलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. डोळे भरून आले होते. तुझ्यापासून काय लपवायचं?

आता मोठी बातमी. पुढच्या महिन्यात सुरतहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात मयुरी कॅप्टनच्या शेजारी बसणार. तिने आपल्या तिघांच्या जागा धरल्या आहेत. मी, उषा आणि तू. तू भजनी मंडळाबरोबर विमानाने काशीला जाऊन आलेली, तुला नवल नाही. मीही सगळ्या गल्लीत सांगून टाकलंय की भटूशेठ चालले. भीती? छे! पोटच्या पोरीच्या विमानात कसली भीती?

भाऊजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भटू

ता. क. : त्याच आठवड्यात तुझा गुडघा पुन्हा दुखायला लागला तर फार बरं होईल. "दवाखान्यात न्यायला कोणी नाही, भटूला पाठव" असा फोन उषाला कर. मला करू नकोस, दचकल्याचं नाटक मला जमत नाही. दिल्लीला उषा एकटी जाईल. तिला सगळं जमतं.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायच्या आत उषाने पत्र वाचलं. माझा नवा शर्ट इस्त्रीला टाकून आली.

ता. क. तिसरा : आत्ता मयुरीचा फोन येऊन गेला. विचारत होती, "आप्पा, बसायची भीती वाटते का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मला वाटते, तुम्ही मागे बसलेले असाल म्हणून. बाकीचे पॅसेंजर आहेत. तुम्ही आप्पा आहात."

आक्का, गुडघा दुखवू नकोस. ये. खिडकी तू घे. मी बसतो.